दगडोबाने पारखलेला जावई

हट्ट्याच्या दगडोबाचा सख्ख्या भावावरही विश्वास नव्हता, आणि त्याच जोरावर त्याचं पोट चालायचं.

बैलजोडी घ्यायला निघालेला माणूस आधी दगडोबाच्या दारात यायचा आणि त्याला बाजारात घेऊन जायचा. दगडोबा बैलाचे दात बघायचा, वशिंड दाबायचा, आणि सगळ्यात शेवटी खाली बसून खूर हातात घ्यायचा. "तोंड खोटं बोलतं, खूर न्हाई बोलत," असं म्हणायचा. विकणाऱ्याला तो जनावराची सगळी हकीकत विचारायचा, तीही उलटी. काल कुठं होतं, त्याआधी कुठं, त्याच्याही आधी कुणाच्या दावणीला. खोटं सुलटं पाठ करता येतं, उलटं म्हणताना जीभ अडखळते, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव. एवढं सगळं करून शेवटी गिऱ्हाइकानं विचारलंच, "मंग दगडोबा, खात्रीचा हाय ना?" तर हा गडी डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "आज तरी असं दिसून राहिलंय बुवा."

खात्री हा शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. पुसेगावचे किसनराव, म्हणजे त्याच्या लेकीचे, मनकर्णाचे मोठे दीर, त्याच्यावर यासाठी दात धरून होते. दगडोबानं बघून दिलेला त्यांचा बैल सहा महिन्यांत बसला. जाब विचारला तर व्याही म्हणतो कसा, "म्यां त्या दिवसाचं सांगितलं व्हतं." आता अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

तर अशा या दगडोबाचा जावई लढाईवरून परत आला आणि सासऱ्याच्या दारात त्यानं पाय धुतले नाहीत.

सोनाजी त्याचं नाव. लग्नाला दीड वर्ष झालं नाही तोच तो इंग्रजाच्या फौजेत मोटारी हाकायला गेला आणि मनकर्णा माहेरी आली. सोनाजी गेला तो थेट इराणात. चार वर्षं बाई त्याच्या कागदांवर, म्हणजे पत्रांवर जगली. मधे एका हिवाळ्यात पाच महिने कागदही बंद झाले, मग पुन्हा सुरू झाले, पण कोरडे. लढाई संपून वर्ष उलटलं, दिवाळी झाली, आणि एका सोमवारी हा दारात उभा. खाकी कोट, गळ्यात मफलर, पायात हे एवढाले फौजी बूट.

सासूबाई नर्मदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"राहू द्या मामी," सोनाजी म्हणाला. "फौजेची सवय लागली. बूट काढून करमत न्हाई."

करमत नाही! बाई तांब्या धरून तशीच उभी राहिली. आपल्याकडं पाहुणा पाय धूत नाही तो कधी, तर भांडायला आला असला म्हणजे, नाहीतर उभ्या उभ्या परत जायचं असलं म्हणजे. जावई ओट्याखाली बाजेवर बसला, भाकरी तिथंच मागवली, आणि आतल्या घरात पाऊल टाकलं नाही. दगडोबा खांबाला टेकून सुपारी कातरत होता. त्याची नजर बुटांवरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच विचारलं, "बूट काढाना, जावईबापू. लाकडं झाली आसतील पायाची."

"नवस हाय मामा," सोनाजी म्हणाला. "औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन होईस्तोवर काढायचे न्हाईत."

काल सवय होती, आज नवस झाला. एका गोष्टीची दोन कारणं देणाऱ्याजवळ तिसरं खरं असतं, हे दगडोबा बाजारात पोरासोरांनाही शिकवायचा. त्यानं आत जाऊन बायकोला सांगून टाकलं, "ह्यानं तिकडं संसार मांडलाय. पाच महिने कागद बंद व्हता तो उगा न्हाई. पोरीला मी अशी आंधळेपणानं धाडत नसतो."

मनकर्णा चुलीपाशी बसून हे ऐकत होती. बावीस वर्षांची बाई, चार वर्षं वाट बघून बघून वाळलेली. ती एवढंच म्हणाली, "मंग नीट बघा बाबा. पण लवकर बघा."

त्या संध्याकाळी दगडोबानं जावयाला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडला रस्ता कसा व्हता म्हणता?" सहज म्हणून तो जन्मात काही विचारत नव्हता. शेजारी त्याचा तीस वर्षांचा दोस्त चाँद पाशा नालबंद येऊन बसला होता. बैलांना नाल मारून मारून त्याची पाठ वाकलेली, पण कान तिखट.

आणि रस्ता म्हणताच सोनाजीचा चेहरा उजळला.

बसऱ्याला बोटीतून उतरलो तर नुसती खजुराची बनं, तो सांगू लागला. मग बगदाद, मग सपाट माती, दिवसभर मोटार हाका, काही बदलत न्हाई. आन मग डोंगर लागतात. झाड न्हाई, झुडूप न्हाई, उघडे डोंगर, पण रंग बघा त्यांचे. एक तांबडा, त्याच्यामागं राखेवानी, त्याच्यामागं निळा. खाली खोऱ्यात मात्र पाणी, पाटाच्या कडंनं सरळसोट उंच झाडं, वारा आला की त्यांची पानं पांढरी दिसतात. घरं आपल्यावानीच मातीची, वर सपाट माळवद. माळवदावर जर्दाळू वाळत घातलेले, सगळं गाव पिवळं.

"आन खातात काय?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"हातभर लांब रोटी मामी. माणूस बाजारातून टावेलावानी खांद्यावर टाकून घरी नेतो. आन चहा पिताना साखर दातात धरतात, कपात टाकत न्हाईत."

"दातात धरतात," दगडोबा म्हणाला. म्हणाला म्हणजे सुपारीसारखा तो शब्द नुसता चघळला.

"किरमानशाहच्या पलीकडं रस्त्याला लागून भिताडावानी कडा हाय. त्याच्यावर लई उंचावर राजा कोरलाय. एका माणसाच्या छातीवर पाय देऊन उभा. पुढं गळ्यात दोर बांधलेले कैदी, रांगेनं."

"कोरणारा तिथं चढला कसा?"

"ते मलाबी समजलं न्हाई मामा. मोटारी थांबल्या की आमी सगळे तेच बघायचो."

या उत्तरानं दगडोबा जरा चिडलाच. लबाड माणसाजवळ प्रत्येक सवालाला जवाब असतो, हा त्याचा आडाखा, आणि हा बेटा खुशाल माहीत नाही म्हणून मोकळा झाला.

सोनाजी पुढं सांगत होता. त्या कड्याच्याही पुढं सगळ्यात उंच घाट लागतो. त्याच्यापल्याड हमदान, मग कझवीन, मग तबरीझ. तिथं आमच्या मोटारीतला लढाईचा माल घ्यायला रशियावाले उभे. चैत्रात माळच्या माळ तांबड्या फुलांनी भरतात. एकदा मोटारी उभ्या करून सगळे जण नुसते बघत बसलो, सुभेदारानं शिव्या दिल्या तरी कुणी उठंना. आन थंडीत बर्फ. रस्ता, माळवदं, झाडं, सगळं पांढरं.

"कापसावानी?" नर्मदाबाई म्हणाल्या.

"कापूस ऊब देतो मामी," सोनाजी म्हणाला, आणि मफलर कानावर ओढून बाजेवर आडवा झाला.

घरी जाता जाता चाँद पाशानं दगडोबाला कोपऱ्यात घेतलं. "देख दगडोबा, तू त्याचं तोंड बघून राहिलास, मी चाल बघितली. डावं पाऊल टाचंवर पडतंय. चालताना बुटाला मोड पडायला पायजे बराबर बोटांपाशी. उजव्याला पडलाय, डाव्याला न्हाई."

"म्हणजे काय?"

"ते बूट काढल्यावर समजंल."

दुसऱ्या संध्याकाळी दगडोबानं ठेवणीतला डाव टाकला. "जावईबापू, आता तोच रस्ता उलटा सांगा. तबरीझपासून बसऱ्यापतोर."

सोनाजी हसला आणि लागला सांगायला. जाताना जिथं चढ होता तिथं आता उतार सांगत होता, जाताना डाव्या हाताची नदी आता उजव्या हाताला घेत होता, कुठल्या वळणावर म्हाताऱ्याचं चहाचं दुकान, कुठं उंटांची रांग आडवी आली म्हणून मोटार खड्ड्यात घातली, सगळं बिनचूक. दगडोबा मनातल्या मनात खाली बसून खूर तपासत होता. रस्ता खरा होता. हा माणूस त्या रस्त्यानं गेला होता, आला होता, दहादा गेला-आला होता. पण तबरीझ, कझवीन, हमदान झालं आणि सोनाजी एकदम म्हणाला, "मंग किरमानशाह."

"थांबा," दगडोबा म्हणाला. "मधे घाट हाय ना? सगळ्यात उंच? काल नाव घेऊन सोडून दिला, आज नावबी न्हाई."

"हाय की. घाट तो घाट. त्याच्यात काय सांगायचं?"

"म्हाताऱ्याचं चहाचं दुकान सांगितलं आन घाटात सांगायजोगं काहीच न्हाई?"

सोनाजी बुटाची नाडी पुन्हा बांधायला लागला. माणूस उडी मारतो तिथं खड्डा असतो, एवढं तर कुणालाही कळतं. दगडोबाला वाटलं, सापडलं. त्या घाटातल्या कुठल्यातरी गावात बाई आहे.

"उद्या औंढ्याला जाऊ," तो म्हणाला. "तुमचा नवस फेडून टाकू. मंग मनकर्णाचं बोलू."

पहाटे गाडी जुंपली. चाँद पाशालाही औंढ्याच्या बाजारात नाल मारायला जायचंच होतं, तो पेटी घेऊन मागं चढला. उन्हं चढता चढता देवळाचा कळस दिसला तेव्हा सोनाजीनं हात जोडले, पण त्याच्या तोंडावर नवस फिटल्याचा आनंद काही दिसेना. देवळाबाहेर लिंबाखाली चाँद पाशानं आपलं बस्तान मांडलं. दगडोबानं वहाणा काढल्या, पायांवर पाणी घेतलं, आणि जावयाकडं बघत उभा राहिला.

सोनाजी जागचा हलला नाही. "मामा, तुमी जाऊन या. मी हितूनच पाया पडतो."

आता दगडोबा नागनाथालाही विसरला. त्यानं जावयाला दंडाला धरून चाँद पाशाजवळच्या एका दगडावर बसवलं आणि स्वतः खाली मातीत बसला, बाजारात बसतो तसा. डावा बूट दोन्ही हातांत धरला.

"जावईबापू, लग्नात हेच पाय म्यां धुतले. तुमाला माहीत न्हाई, तवा बोटं मोजून घेतली व्हती. दहा व्हती. आता काढू का?"

सोनाजीनं डोळे मिटून घेतले. नाही मात्र म्हणाला नाही.

बुटाच्या टोकातून आधी चिंध्यांचा बोळा निघाला. मग पाय. त्या पायाला एकही बोट नव्हतं. चवड्यापाशी पाऊल संपलं होतं आणि वर तुळतुळीत कातडी ओढून बसली होती.

चाँद पाशाच्या हातातला हातोडा तसाच राहिला. तो एक पाऊल मागं सरला. दगडोबाच्या मनात एकच शब्द आला, महारोग, आणि तो मनात आल्यासरशी त्यानं पायावरचा हात झटकन काढला. बोटं झडलेला माणूस हट्ट्यात काय, औंढ्यात काय, सगळ्यांनी एकाच रोगाचा बघितला होता.

"तुमच्याबी मनात तेच आलं," सोनाजी म्हणाला. "म्हणूनच बूट काढत नव्हतो. पुसेगावात भावजयीनं बघितलं, तवापासून माझं ताट येगळं हाय. किसनदादानं शेतातल्या आखाड्यावर झोपाय सांगितलं. बाहेर बोलू नको म्हणाला, घराची अब्रू जाईल. म्यां बर्फानं गेली म्हणून किती सांगितलं. बर्फ कुणी बघितलाय हितं?"

आणि मग तो घाट त्यानं सांगितला. पौषाचे दिवस. पन्नास मोटारी घाटात अडकल्या, पुढं बर्फ, मागं बर्फ. दोन दिवस, दोन रात्री तो मोटारीतच बसून राहिला. बूट आतून भिजलेले. आधी बोटं ठणकली, मग ठणकायची थांबली, आणि त्याला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी बूट सुरीनं कापून काढावा लागला. बोटं काळी पडली होती. पाच महिने इस्पितळात गेले. कागद लिहून देणारा दुसराच, हट्ट्यात वाचून दाखवणारा तिसराच, त्यांच्या तोंडून बायकोला हे कसं कळवायचं? नंतर मोटार सुटली, बगदादच्या कारखान्यात नटबोल्ट पुसत बसवलं.

"डाक्टरचा कागद हाय माझ्यापाशी," तो म्हणाला. "इंग्रजीत हाय."

"कागद कुणाच्याबी बाजूनं बोलतो," दगडोबा म्हणाला. तो उठला, कुंपणाच्या बाभळीचा लांबसा काटा मोडून आणला. महारोग्याच्या कातडीला काटा कळत नाही, हे जनावरं पारखणाऱ्या माणसालाही माहीत असतं. "चाँदभाई, ह्यांचं तोंड देवळाकडं फिरवून धर."

चाँद पाशा घटकाभर घुटमळला. मग पुढं झाला आणि त्यानं सोनाजीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"कुठं टोचलं?"

"टाच."

"आता?"

"घोट्याच्या आतून."

"आता?"

"टोकाला. जरा कमी कळलं, पण कळलं."

तळवा झाला, पोटरी झाली, हाताची बोटं झाली, कानाच्या पाळ्या झाल्या. मग दगडोबानं काटा नुसता हवेत धरला आणि विचारलं, "आता?"

"आता टोचलाच न्हाई मामा."

दगडोबानं काटा फेकून दिला. त्याला भयंकर लाज वाटत होती. त्या घाटात त्यानं आपल्या मनानंच एक बाई बसवली होती, तिच्या पोटी लेकरंही घातली होती, आणि हा पोरगा तिथं एकटा गारठून मरत होता.

"दुखलं का लई?" त्यानं विचारलं.

"दुखलं की," सोनाजी म्हणाला, आणि तशा त्या डोळ्यांतल्या पाण्यातही हसला. "दुखलं तेच बरं."

दुसऱ्या दिवशी हट्ट्याला परतल्यावर दगडोबानं लेकीला आतल्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. बोटांचं, काट्याचं, काही लपवलं नाही. ऐकून मनकर्णा उठली, परसात गेली, आणि बाभळीचा काटा घेऊन आली.

"अगं, म्यां बघितलंय," दगडोबा म्हणाला.

"तुमी बघितलं ते तुमच्यापुरतं बाबा. नांदायचं मला हाय."

शेवटी लेक कुणाची! तिनं सोनाजीला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर ओट्यावर दगडोबा आणि नर्मदाबाई कान देऊन बसली. आतून सोनाजीचा आवाज येत होता, टाच, तळवा, घोटा. मग मनकर्णाचं रडणं ऐकू आलं, आणि मधेच तिचा रागीट आवाज, "पाच महिने. नुसतं जिता हाय एवढं तरी कळवायचं व्हतं." नर्मदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि चुलीवर पाणी तापत ठेवलं.

पण खरी अडचण पुसेगावची होती. तिथं वेगळं ताट वाट बघत होतं. दगडोबानं जावयाला बजावलं, "तिथं गेल्यावर तुमी तोंड उघडू नका. बर्फाचं तर मुळीच काढू नका."

"पण मामा, खरं तेच हाय."

"आसंल. मलाच अजून पुरतं पटून न्हाई राहिलं, तर पुसेगावाला काय पटणार? गावाला पचंल ते सांगावं लागतंय."

दोन दिवसांची वाट काटून गाडी किसनरावांच्या अंगणात उभी राहिली. व्याही आलेला बघून चार माणसं गोळा झाली, चार बाया दाराशी आल्या. दगडोबानं मुद्दाम सगळे येईपर्यंत वाट बघितली. मग सोनाजीला दगडावर बसवून बूट काढायला लावले. मनकर्णानं तांब्या घेतला आणि सगळ्यांसमोर तो पाय हातात धरून धुतला, पदरानं पुसला. बायांच्यात कुजबुज झाली. किसनरावांचं तोंड उतरलं. इतके दिवस झाकून ठेवलेलं व्याह्यानं अंगणात मांडलं होतं.

"मोटारीचं चाक गेलं पायावरून," दगडोबा मोठ्यानं म्हणाला.

"हा तर बर्फ म्हणत व्हता," किसनराव म्हणाले.

"म्हणणारच. मोटार हाकणाऱ्याच्याच पायावरून मोटार गेली, हे कोण सांगंल? लाज वाटली बिचाऱ्याला."

दोन माणसं हसली. चाक सगळ्यांना माहीत होतं. त्याखाली आलेला पायही बघितलेला होता. पण किसनराव जुने दुखावलेले. त्यांनी दगडोबाच्या डोळ्यांत बघितलं. "मामा, माझ्या बैलाच्या वेळी तुमी म्हणला, त्या दिवसाचं सांगितलं. हेबी आजचंच का? माझ्या घरात लेकरं हायेत. खात्रीनं सांगता का?"

या माणसाकडून हा शब्द निघत नाही, हे पुसेगावालाही ठाऊक होतं. दगडोबाचा हात सवयीनं डोक्याकडं गेला. मनकर्णा तांब्या धरून त्याच्याकडं बघत होती. त्यानं हात खाली घेतला.

"खात्रीनं सांगतो," तो म्हणाला. "रोग न्हाई. माझी जबान. आन आता भूक लागली हाय, आमा दोघांना एकच ताट वाढा."

सासरा-जावई ओट्यावर एका ताटात जेवले. भावजयीनं दुसऱ्यांदा भाकरी वाढताना ती सोनाजीच्या हातात दिली.

ही गोष्ट दगडोबाच्या आधी हट्ट्यात पोचली. दगडोबा खात्री देतो म्हणे! पुढच्या बाजारी गिऱ्हाइकं त्याला धरून बसली, आता आमालाबी खात्री द्या, जावयाला दिली तशी. दगडोबानं डोकं खाजवलं आणि आज तरी असं दिसून राहिलंय, एवढंच म्हणाला. मरेपर्यंत तेवढंच म्हणत राहिला.

एकदा नाल मारता मारता चाँद पाशानंच त्याला विचारलं, "काय रे, बर्फानं खरंच बोटं जातात?"

"काय की बुवा. म्यां कुठं बघितलाय बर्फ?"

"मंग तिथं खात्री कशी दिलीस? आन बाजारात काहून देत न्हाईस?"

दगडोबा बैलाचा खूर हातात धरून बसला होता. त्यानं वर बघितलं नाही.

"एकच व्हती चाँदभाई माझ्यापाशी," तो म्हणाला. "ती लेकीला देऊन टाकली."